कॅटमरानवरचे पोहे

"चपला-बूट या टोपलीत," बोटीच्या कप्तानबाईने सांगितलं, आणि सगळ्यांच्या आधी ज्याने वाकून बूट काढले त्याच्या पायांत मोजे होते. पांढरे, कोरे, घडीची रेघ अजून न मोडलेले. कॅरिबियन समुद्रात पोहायला निघालेला माणूस इस्त्रीचा शर्ट आणि पांढरे मोजे घालून येतो, त्याच्या शेजारी त्याची आई चापूनचोपून नेसलेल्या साडीत, हातात स्टीलचा डबा धरून उभी असते, आणि माझी आत्या "अगंबाई, तुम्ही इथे कशा! काय तरी योगायोग!" असं शाळेच्या गॅदरिंगमधल्यासारखं ओरडते, तेव्हा काय चाललंय ते कळायला फार अक्कल लागत नाही.

मला बघायला आले होते.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या धक्क्यावर उभं असताना माझं डोकं कसं तापलं होतं ते अजून जसंच्या तसं आठवतं. मी तेव्हा तेहेतीस वर्षांची होते. मिरजेत एका आर्किटेक्टकडे नोकरी करायचे आणि बाबांबरोबर राहायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत नातेवाइकांनी माझ्यासाठी सात-आठ स्थळं आणली आणि प्रत्येक वेळी मी पोह्यांचा ट्रे घेऊन, खाली मान घालून बाहेर आले. प्रत्येक वेळी मंडळी बशी चाटूनपुसून, ढेकर देऊन "घरी गेल्यावर कळवतो" म्हणाली. शेवटच्या स्थळाच्या मामाने तर मी इमारतींचे नकाशे काढते हे ऐकून, "म्हणजे स्वयंपाकघर कुठे असतं ते तरी माहीत असेल," असा विनोद केला. त्या संध्याकाळी मी ट्रे ओट्यावर आपटला आणि बाबांना सांगितलं, पुन्हा मला कुणासमोर उभं केलंत तर मी घर सोडून जाईन. बाबांनी आईच्या फोटोसमोर उभं राहून शब्द दिला होता. "तुला पुन्हा कुणाला दाखवणार नाही," म्हणाले होते.

आणि आता हे. मिरजेहून फ्लोरिडा, फ्लोरिडाहून सेंट थॉमस बेट, आणि बेटावरून थेट बोट. पळायलाही जागा नाही, कारण चारी बाजूंनी समुद्र. कुंदाआत्येच्या डोक्याला मानलं पाहिजे.

आत्या चाळीस वर्षं फ्लोरिडातल्या टँपाला होती, पण तिथे जाताना नेलेलं मिरज तिने तसंच जपून ठेवलं होतं. बाबा निवृत्त झाल्यावर दोन महिने तिच्याकडे राहायला गेले होते, आणि मी पंधरा दिवसांची रजा काढून त्यांना परत न्यायला. मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "चार दिवस बेटावर जाऊ. सूर्यास्ताची सफर आहे. छोटी बोट, सहाच माणसं. मधे पाण्यात उतरून मासे बघायचे." मला वाटलं, आत्या किती बदलली! आणि सफरीच्या दिवशी सकाळी, बेटावरच्या भाड्याच्या घरात मी डोळे चोळत उठते तो फोडणीचा वास. मी स्वयंपाकघराकडे वळले तर आत्येने दारातच अडवलं.

"तू आत येऊ नकोस. तू जा, अंघोळ कर."

"आत्या, इथेही पोहे?"

"भूक काय बेट बघून लागते?" ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं. मनात शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली होती. पण समुद्र समोर दिसत होता, आणि मी अंघोळीला गेले.

कॅटमरान म्हणजे दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून त्यांवर ओटा टाकावा तशी बोट. मधे छोटी खोली, मागे बाकं, आणि पुढे दोन होड्यांच्या मधल्या जागेत ताणून बांधलेली जाळी, जिच्यावर पाय पसरून बसता येतं. कप्तानबाईचं नाव डॅफ्नी. उंच, काळीभोर, केसांच्या बारीक वेण्या घातलेली. तिने बोट धक्क्यापासून काढली आणि आम्हा पाचजणांकडे बघून हसत विचारलं, "सगळं एकच कुटुंब?"

"होणार आहोत," आत्या इंग्रजीत म्हणाली. "आज ठरलं तर."

डॅफ्नीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तिच्या हातातलं सुकाणू हिसकावून बोट परत धक्क्याला लावावी असं मला वाटलं.

आत्येने ओळखी करून दिल्या. साडीतल्या बाई म्हणजे कालिंदी प्रभुणे. आत्येच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, रविवारी तिथल्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या. मोजेवाला त्यांचा मुलगा सौमित्र, दातांचा डॉक्टर. त्याने नमस्कार करावा की हात पुढे करावा या गोंधळात दोन्ही अर्धं अर्धं केलं.

"तू म्हटलं तर चालेल ना?" कालिंदीबाईंनी मला विचारलं. आवाज मऊ होता, पण डब्यावरची बोटं पांढरी पडली होती. "तुझ्यासाठी नारळाच्या वड्या केल्यात. तुला आवडतात असं कळलं."

कळलं! म्हणजे माझी संपूर्ण माहिती पुरवून झाली होती. मी एक वडी घेतली, आभार मानले, आणि बाबा कुठे आहेत ते शोधायला निघाले.

बाबा मागच्या कठड्याला धरून उभे होते. निळ्या रंगाचा नवा शर्ट, त्यावर पोपट. जन्मात ज्या माणसाने वीज मंडळाच्या खाकी छटेबाहेरचा शर्ट घातला नाही, त्याच्या पोटावर पाच पोपट. चेहरा उतरलेला.

"बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"काय?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"ही माणसं येणार ते."

"हो. म्हणजे… कुंदानेच ठरवलं सगळं."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"मी…" त्यांनी पोपटांवरून हात फिरवला. "मी काही फारसं बोललो नाही."

"तेच ना! तुम्ही कधीच काही बोलत नाही. मूग गिळून बसता आणि मग मी तोंडघशी पडते. आईच्या फोटोसमोर शब्द दिला होतात."

"गार्गी, अगं, ऐक तर…"

"दादा!" आत्येची हाक आली. "फोटो! इकडे ये, आणि पोट आत घे."

बाबा पोपटांसकट गेले. मी फोटोत हसले नाही. तो फोटो आजही आमच्या घरात लावलेला आहे आणि आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, ही कोपऱ्यात चिडलेली कोण.

एका छोट्या आखातात डॅफ्नीने नांगर टाकला. पाणी इतकं निवळ होतं की तळाची वाळू दिसत होती. तिने सगळ्यांना स्नॉर्केलचे मुखवटे, श्वासाच्या नळ्या आणि लाइफ जॅकेटं दिली. आत्येने सुरुवातीलाच हात वर केले. "माझं ब्लड प्रेशर आहे." बाबांना पोहता येत नव्हतं. कालिंदीबाईंचे गुडघे दुखत होते. थोडक्यात, उरलो मी आणि सौमित्र. अगदी ठरवल्यासारखं.

"जा गं," आत्या माझ्या जॅकेटचा पट्टा आवळत कानाशी म्हणाली. "नीट बोल त्याच्याशी. तिरसटपणा करू नकोस. आज सगळं तुझ्यावर आहे."

"माझ्यावर कशाला? तुम्ही मला विचारलंत?"

"तेच तर आज विचारतोय ना," आत्या म्हणाली.

मी पाण्यात उडी मारली ती निव्वळ तिच्यापासून सुटायला. पाणी कोमट होतं. नळी तोंडात धरून मी खाली तोंड केलं आणि पहिल्यांदा त्या दिवसात शांतता मिळाली. माझा श्वास सोडून कसलाही आवाज नाही. खाली कासव समुद्राचं गवत खात होतं, गाय चरते तसं, निवांत, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. शेजारी पिवळ्या पट्ट्यांचे मासे. त्या कासवाला पाहून मला इतकं बरं वाटलं की मी बोटीवरच्या सगळ्यांना क्षणभर माफ करून टाकलं.

मग कुणीतरी माझ्या खांद्यावर टकटक केलं.

मी डोकं वर काढलं. सौमित्र मुखवटा कपाळावर चढवून माझ्यासमोर तरंगत होता. नाकावर लाल वळ उठला होता.

"जरा बोलायचं होतं. वर सगळ्यांसमोर जमलं नसतं."

"बोला."

"तुम्हाला काय वाटतं? या सगळ्याबद्दल?"

लाट आली, मी थोडं पाणी प्यायले, आणि उरलासुरला संयम त्याबरोबर गेला. "खरं सांगू? मला न विचारता तुम्ही सगळ्यांनी मिळून बोट ठरवलीत. पोहे बांधून आणलेत. वड्या आणल्यात. तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तुमच्या आईंबद्दलही नाही. पण या लग्नाला माझी हरकत आहे. आज आहे आणि उद्याही राहील."

त्याचा चेहरा पडला. "पण निदान थोडं थांबून, भेटून, मग…"

"थांबून काय बदलणार?"

"आईला फार वाईट वाटेल हो. ती आठवडाभर झोपलेली नाही."

"कुणाला वाईट वाटेल म्हणून मी हो म्हणायचं का?"

त्याने नळीतलं पाणी झटकलं. मग म्हणाला, "नाही, तेही बरोबर आहे. तुमच्या आईंचा विचार केला, तर मी समजू शकतो."

"माझ्या आईचा इथे काय संबंध?"

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, मुखवटा नाकावर ओढला आणि बोटीकडे वळला. मी कासव शोधलं, पण तेही निघून गेलं होतं.

मी शिडीने वर चढले तेव्हा सौमित्र टॉवेल गुंडाळून आईजवळ बसला होता आणि तिच्या कानाशी काहीतरी सांगत होता. कालिंदीबाईंनी ऐकून घेतलं. मग वड्यांच्या डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबून पाहिलं, आणि डबा पिशवीत ठेवला. "राहू दे मग," त्या म्हणालेलं मला ऐकू आलं. "मुलीचं मन नसेल तर विषय संपला." त्यांनी पदराने चष्मा पुसला.

चला, सुटले, असं मी मनाशी म्हटलं. केस पिळले, टॉवेल खांद्यावर टाकला. तरीही काहीतरी टोचत होतं. इतकी स्थळं पाहिली, नकारावर मुलाची आई रडवेली झालेली मी पहिल्यांदाच पाहत होते. मुलगा मात्र खुशाल नाकाचा वळ चोळत होता.

तेवढ्यात मधल्या खोलीचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले.

त्यांच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये पोह्यांच्या कागदी बश्या, प्रत्येकीवर ओलं खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. बाबांनी केस पाणी लावून बसवले होते. मान खाली. नजर ट्रेवर. बोट डुलत होती, बश्या सरकत होत्या, आणि ते एकेक पाऊल मोजून टाकत होते. मागून आत्या दबक्या आवाजात बजावत होती, "आधी पाहुण्यांना. दादा, आधी त्यांना दे."

ट्रेच्या कडेला धरलेली त्यांची बोटं हळदीने पिवळी होती.

ज्या माणसाने जन्मभर गॅसवर चहाखेरीज काही ठेवलं नाही, त्या माणसाची बोटं. सकाळी बंद दाराआड कोण होतं ते मला तेव्हा कळलं. बाबा माझ्यासमोरून गेले, थांबले नाहीत. कालिंदीबाईंच्या पुढे जाऊन वाकले आणि म्हणाले, "घ्या ना."

त्यांनी दोन्ही हातांनी बशी घेतली. बाबांनी सौमित्रला दिली, मला दिली, आत्येला दिली. आणि मग रिकामा ट्रे घेऊन तिथेच उभे राहिले. बसावं की आत जावं ते त्यांना सुचेना. ते उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं. सात-आठ वेळा मी स्वतः तशी उभी राहिले होते.

मला बघायला कुणीच आलं नव्हतं.

मी सौमित्रकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यालाही आत्ता उमजलं. "तुम्हाला सांगितलं नव्हतं?" त्याने ओठांनीच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. मग दोघांनीही खाली बघून पोहे खायला सुरुवात केली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

 डॅफ्नीने नांगर उचलला, बोट परतीला लागली. कालिंदीबाई हळूहळू खात होत्या. त्यांना माझा नकार कळला होता, विषय त्यांच्यापुरता संपला होता, तरीही त्या एकेक घास नीट चावून खात होत्या. शेवटचे दाणे बोटाने गोळा करून त्यांनी बशी रिकामी केली.

"छान झालेत," त्या बाबांना म्हणाल्या.

त्याच वेळी आत्येने पहिला घास घेतला. "दादा! मीठ?"

"मीठ?" बाबा म्हणाले.

"मीठ घातलंच नाहीस! खोबरं घातलंस, कोथिंबीर घातलीस, साखरसुद्धा घातलीस. अरे, तीनतीनदा सांगितलं होतं!"

बाबांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "आळणी झालेत?" त्यांनी कालिंदीबाईंना विचारलं.

"मला तर नाही जाणवलं," त्या म्हणाल्या.

मग ते माझ्याकडे वळले. "गार्गी, तू सांग."

"मला बरोबर लागले," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"तू आत्ता समुद्र पिऊन आलीस, तुला काय कळणार!" आत्या कडाडली. "तुझ्या नि त्याच्या तोंडात मिठागर झालंय!"

मी ओठांवरून जीभ फिरवली. खारट. आणि माझी नजर कालिंदीबाईंच्या केसांकडे गेली. अंबाडा जसाच्या तसा, एक बटही ओली नाही. त्यांनी पाण्यात पाऊल टाकलेलं नव्हतं.

"श्रीनिवासराव, बसा तुम्ही," कालिंदीबाई बाबांना म्हणाल्या. "आणि मनाला लावून घेऊ नका. गार्गीची हरकत आहे. सौमित्रला तिने स्पष्ट सांगितलं, ते बरंच झालं. आपण आहोत तसे राहू."

"हरकत?" बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ट्रेकडे पाहिलं, आणि तो काखेत धरून पुढे जाळीकडे गेले.

मला सगळ्यांसमोर ओरडून सांगता आलं असतं की घोटाळा झाला, मला वाटलं होतं मलाच बघायला आलेत. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की बरं, आता तरी हरकत आहे का? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी बाबांच्या मागे गेले. आम्ही जाळीवर बसलो. खालून पाणी सळसळत जात होतं, बोटीच्या पुढे सूर्य टेकायला आला होता, लोक पैसे मोजून जो बघायला येतात तो. आम्ही दोघांनी त्याकडे पाठ केली होती.

"शब्द दिला होतात," मी म्हणाले.

"तो कुठे मोडला? तुला कुणाला दाखवलं?"

मला असा संताप आला! "बाबा, वकिली करू नका. मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हटलं असतं, मग?"

"मग संपलंच असतं." त्यांनी ट्रे मांडीवर ठेवला. "विचारलं नव्हतं तोवर निदान तू नाही म्हटलेलं नव्हतंस. दोन महिने तेवढ्यावर काढले."

 मग जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेले. "आणि आईचं काय?"

"तिला सांगतो मी. रोज सांगतो." ते पोपटाच्या बटणाशी चाळा करत होते. "फोटो काही बोलत नाही गं. तू सकाळी जातेस, रात्री येतेस. ती काही बोलत नाही, टीव्ही माझं काही ऐकत नाही. इथे दर रविवारी कालिंदीताई मुलांना शिकवायच्या, मी कोपऱ्यात बसायचो. येताना चालत यायचो. त्या विचारायच्या, आज काय केलंत. एवढंच विचारायच्या. मला सांगण्यासारखं काही असावं म्हणून मी दिवसभर काहीतरी करायचो."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही कुणावर काढावं ते कळेना. आई असती तर पहिला घास घशाखाली उतरायच्या आत म्हणाली असती, मीठ नाही. सगळ्यांसमोर म्हणाली असती. बाबांनी मुकाट्याने बरणी आणून दिली असती आणि दोघं संध्याकाळपर्यंत त्यावरून भांडली असती. मला आई हवी होती. मागच्या बाकावर बसलेली ती मऊ आवाजाची बाई नको होती. हे मी अगदी स्पष्ट सांगते, कारण तसंच वाटलं होतं.

डॅफ्नीने शंख हातात घेतला. सूर्य बुडताना तो फुंकायचा, अशी तिची रोजची पद्धत होती. भला मोठा, गुलाबी पोटाचा शंख. तिने गाल फुगवून फुंकला आणि आवाज पाण्यावरून लांब गेला. मागे आत्येने भक्तिभावाने हात जोडले आणि "शुभशकुन!" म्हणाली. मग तिला आठवलं की शकुनाचं आता काही कामच उरलेलं नाही. तिने हात खाली घेतले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्यच गिळलाय.

धक्क्याला लागेपर्यंत सौमित्र आत्येच्या कानाशी काहीतरी सांगत होता. सौमित्रने आपले पांढरे मोजे खिशात कोंबले होते. बोट बांधून झाली, डॅफ्नीने चपलांची टोपली पुढे ठेवली, आणि आत्येला राहवेना.

"गार्गी, तुझा काय घोटाळा झाला तो सौमित्रने आत्ता सांगितला मला. बरं, झालं ते झालं. आता तरी सांग. काय कळवायचं यांना?"

सगळे थांबले. बाबा टोपलीवर वाकले होते, ते तसेच राहिले. एवढा मोठा निर्णय, आणि तोही धक्क्यावर, एका पायात चप्पल असताना! आत्येला काही म्हणजे काही पोच नव्हता.

"घरी गेल्यावर कळवतो," मी म्हणाले.

बाबांची मान आणखी खाली गेली. आत्या काहीतरी पुटपुटली आणि सौमित्रला घेऊन पुढे चालू लागली.

कालिंदीबाईंना गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं. मी टोपलीतून त्यांच्या सपाता काढल्या आणि पायांपुढे ठेवल्या. त्यांनी आधारासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका होता, जपून ठेवलेला. एक सपात घालून झाल्यावर त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"मीठ अजिबातच नव्हतं गं," त्या कुजबुजल्या. "पण त्यांना कळू देऊ नकोस. सकाळपासून खपले असतील."

मी वर पाहिलं. त्या गंभीर होत्या. माझ्याकडून काही मिळेल म्हणून बोलत नव्हत्या, त्यांच्या लेखी ते संपलेलं होतं. फक्त जाण्याआधी एवढी एक काळजी त्यांना माझ्यावर सोपवायची होती. दिवसभरात पहिल्यांदा मला हसू आलं, आणि मग ते थांबेना.

"मग मीठ किती घालायचं ते तुम्हीच शिकवा त्यांना," मी म्हणाले. "मला सहा वर्षांत जमलं नाही."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला. बाबा अजून टोपलीत वाकून आपली दुसरी चप्पल शोधत होते. ती त्यांच्या पायातच होती.